थव्याचे शहाणपण, थव्याची घाई

रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली की सोलापूर-पुण्याकडच्या रानांवर भोरड्यांचे थवे उतरू लागतात. मध्य आशियाच्या बाजूने हिवाळ्यापुरते आलेले हे पक्षी संध्याकाळी आभाळात एकत्र फिरतात, तेव्हा हजारोंचा तो समूह एकाच देहासारखा वळतो, पसरतो, पुन्हा गोळा होतो. त्यांच्यात पुढारी नसतो, इशारा देणारा नसतो. गोफण घेऊन माचाणावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र या सौंदर्याचे फारसे कौतुक नसते. त्याचा अनुभव वेगळा असतो. दोन-चार पक्षी एखाद्या रानात टिपताना दिसले की बाकीचे तिथे पोचायला वेळ लागत नाही. एकाला सापडलेले दाणे सर्वांना कसे कळतात?

प्रश्न पक्षिशास्त्राचा वाटतो. पण त्याच्या पाठलागातून गणनशास्त्राला एक पद्धत मिळाली. तिचे नाव ‘पार्टिकल स्वॉर्म ऑप्टिमायझेशन’, संक्षेपाने पीएसओ. मराठीत तिला ‘कणथवा पद्धत’ म्हणता येईल. १९९५ साली ती मांडली जेम्स केनेडी आणि रसेल एबरहार्ट या दोन अमेरिकनांनी. एबरहार्ट विद्युत अभियंते, तर केनेडी सामाजिक मानसशास्त्रज्ञ. माणसे एकमेकांचे पाहून मते कशी बनवतात, हा केनेडींच्या अभ्यासाचा विषय. त्यानंतरच्या तीस वर्षांत या पद्धतीच्या इतक्या ‘सुधारित’ आवृत्त्या निघाल्या की त्यांची नावे लक्षात ठेवणेही अवघड झाले आहे. त्यांतल्या काहींनी खरोखर काही शिकवले, काहींनी फक्त नाव बदलले. हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे, हा या लेखाचा विषय आहे.

धुक्यातली शोधयात्रा

ऑप्टिमायझेशन, म्हणजे इष्टतमाचा शोध. अनेक शक्यतांतून सर्वांत चांगली शक्यता निवडायची. वीजजाळ्याचे उदाहरण घेऊ. कोणत्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप कुठे ठेवायचा, कोणता कपॅसिटर चालू करायचा, जनित्रांचे व्होल्टेज किती ठेवायचे, असे डझनावारी निर्णय एकदम घ्यायचे असतात आणि तारांमधून वाया जाणारी वीज कमीत कमी राखायची असते. जपानमध्ये फुकुयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच कामासाठी कणथवा वापरला. त्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला निबंध हा या पद्धतीच्या सुरुवातीच्या ठोस उपयोगांपैकी एक. अशा प्रश्नांत सूत्र मांडून, समीकरण सोडवून उत्तर काढता येतेच असे नाही. एखादी मांडणी घ्यायची आणि तिला किती गुण मिळतात ते मोजायचे, एवढेच हाती असते.

कल्पना करा, सह्याद्रीच्या एका विस्तीर्ण, अनोळखी पठारावर दाट धुके आहे. तीस गिर्यारोहक वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहेत. सर्वांत उंच जागा शोधायची आहे. पुढचे काही दिसत नाही, चढ कोणत्या बाजूला आहे तेही कळत नाही. प्रत्येकाच्या मनगटावर उंची सांगणारे घड्याळ आहे आणि हातात वॉकीटॉकी. प्रत्येकाला दोन गोष्टी ठाऊक आहेत: आजवर मला स्वतःला सापडलेली सर्वांत उंच जागा, आणि आजवर आपल्यापैकी कोणालाही सापडलेली सर्वांत उंच जागा. पुढचे पाऊल टाकताना तो तीन गोष्टींची बेरीज करतो. आतापर्यंत ज्या दिशेने चाललो होतो त्या दिशेची ओढ, स्वतःच्या उत्तम जागेची ओढ आणि सर्वांच्या उत्तम जागेची ओढ. शेवटच्या दोन ओढी किती जोरदार, हे दर पावलाला नशिबावर, म्हणजे यादृच्छिक आकड्यावर, सोपवलेले असते.

पद्धत एवढीच आहे. गिर्यारोहकाऐवजी ‘कण’ म्हणा, तीस जणांना ‘थवा’ म्हणा. एका मितीतला हिशेब करून पाहू. एक कण १० या जागी आहे, त्याचा वेग ४. त्याला स्वतःला सापडलेली उत्तम जागा १२, थव्याची उत्तम जागा ३०. मूळ पद्धतीत प्रत्येक ओढीला २ ने आणि शून्य ते एक यांमधल्या एका यादृच्छिक संख्येने गुणतात. समजा त्या संख्या ०.४ आणि ०.५ निघाल्या. स्वतःच्या आठवणीची ओढ २ × ०.४ × २ म्हणजे १.६. थव्याची ओढ २ × ०.५ × २० म्हणजे २०. जुना वेग ४ धरून नवा वेग २५.६ आणि नवी जागा ३५.६. कण लक्ष्याच्या पलीकडे गेला. ही चूक नव्हे. कण निम्म्या वेळा तरी लक्ष्य ओलांडून पलीकडचाही प्रदेश पाहून यावा, म्हणूनच २ हा आकडा निवडला होता.

वजाबाकीने झालेला जन्म

या पद्धतीचा जन्म कसा झाला, हे तिच्या पुढच्या सुधारणा समजण्यासाठी महत्त्वाचे आहे. १९८७ मध्ये संगणक-चित्रकार क्रेग रेनॉल्ड्स यांनी पडद्यावर पक्ष्यांचा थवा उडवून दाखवला होता. प्रत्येक आभासी पक्ष्याला तीनच नियम होते: शेजाऱ्यावर आदळू नकोस, शेजाऱ्यांच्या वेगाशी जुळवून घे, घोळक्यापासून लांब जाऊ नकोस. पुढे १९९० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक हेपनर आणि गणितज्ञ उल्फ ग्रेनँडर यांच्या प्रतिमानात पक्ष्यांना रातथाऱ्याच्या जागेची ओढ दिली गेली. केनेडी आणि एबरहार्ट यांनी इथे प्रश्न बदलला. रातथाऱ्याची जागा पक्ष्यांना आधीच ठाऊक असते, पण अन्नाची नसते. तरीही कोणी अंगणात दाणे ठेवले तर काही तासांत पक्षी तिथे येतात. म्हणून त्यांनी रातथाऱ्याच्या जागी मक्याचे शेत ठेवले, आणि ते शोधायला पक्ष्यांना स्वतःची आठवण व इतरांची बातमी दिली.

त्यानंतर त्यांनी एकेक नियम काढून पाहिला. शेजाऱ्याच्या वेगाशी जुळवून घेण्याचा नियम काढला, तर शोध थोडा लवकरच लागला. अधूनमधून पक्ष्याला भरकटवणारा ‘वेडेपणा’ काढला, तरी काही बिघडले नाही. शेवटी जे उरले ते पक्ष्यांच्या देखण्या थव्यासारखे राहिले नव्हते, किड्यांच्या घोंघावणाऱ्या झुंडीसारखे दिसत होते. म्हणून ‘स्वॉर्म’ हा शब्द. त्यातल्या सदस्यांना वस्तुमान नाही, आकारमान नाही, पण वेग आहे, म्हणून ‘पार्टिकल’. निसर्गाचे रूपक शिडीसारखे वापरून त्यांनी ती शिडी बाजूला ठेवली. पुढे अनेकांना हा भाग आठवला नाही.

पहिला दोष: वेग आवरत नाही

मूळ पद्धतीत एक उपद्रव लगेच दिसला. कण लक्ष्य ओलांडतो, परत खेचला जातो, त्याहून जोरात ओलांडतो. झोका दर खेपेला मोठा होत जातो आणि थोड्याच वेळात कण शोधक्षेत्राच्या बाहेर फेकला जातो. यावरचा पहिला उपाय अगदी साधा होता. वेगाला कमाल मर्यादा घालायची. पण मर्यादा घातली की कण त्या मर्यादेतच इकडून तिकडे हेलकावत राहतो, नेमक्या जागेवर टेकत नाही.

१९९८ मध्ये युहुइ शी आणि एबरहार्ट यांनी जुन्या वेगाला एका आकड्याने गुणायला सांगितले. त्याचे नाव ‘जडत्वभार’. हा आकडा १च्या आसपास असेल तर कण दूरवर भटकतो, लहान असेल तर जवळपास बारकाईने शोधतो. मग त्यांनी तो शोधाच्या सुरुवातीला ०.९ ठेवून शेवटापर्यंत हळूहळू ०.४वर आणण्याची रीत सुचवली. आधी मुलूख पालथा घाला, मग सापडलेल्या कोपऱ्यात खोदा, असा तिचा अर्थ. वरच्या उदाहरणात जडत्वभार ०.७ आणि ओढींचा गुणक २ ऐवजी १.५ धरला, तर नवा वेग २.८ + १.२ + १५, म्हणजे १९ येतो आणि कण २९वर, लक्ष्याच्या अगदी जवळ, थांबतो.

हे आकडे प्रयोगातून आले होते. त्यामागचे गणित २००२ मध्ये फ्रेंच गणितज्ञ मॉरिस क्लेर आणि केनेडी यांनी मांडले. कण केव्हा भरकटतो आणि केव्हा स्थिरावतो, याची अट त्यांनी समीकरणातून काढली आणि संपूर्ण वेगाला गुणणारा एक ‘आकुंचन गुणक’ दिला. दोन्ही ओढींच्या गुणकांची बेरीज ४.१ घेतली तर तो ०.७२९८ येतो. आता गंमत पाहा. या गुणकाने कंसातले सगळे गुणून टाकले, तर जडत्वभार ०.७२९८ आणि ओढींचे गुणक सुमारे १.४९६ असलेली शी-एबरहार्ट यांचीच पद्धत हाती येते. दोन वेगळ्या नावांच्या सुधारणा बीजगणिताच्या दृष्टीने एकच होत्या. फरक इतकाच की पहिलीत आकडे चाचपडून मिळाले होते, दुसरीने ते का चालतात हे सांगितले. ज्ञानात भर पडली ती या ‘का’मुळे.

दुसरा दोष: सगळे लवकर एकमत होतात

वेग आवरला तरी मोठा धोका उरतोच. धुक्यातल्या एकाला एक बऱ्यापैकी टेकडी सापडते. तो वॉकीटॉकीवर ओरडतो. बाकीचे एकोणतीस त्या दिशेने वळतात आणि चार कोसांवरचे खरे शिखर कोणी पाहतच नाही. या विषयात याला ‘अकाली अभिसरण’ म्हणतात. व्यवहारात त्याला घाईचे एकमत म्हणू.

उपाय शोधताना केनेडींमधला समाजशास्त्रज्ञ कामाला आला. सर्वांनी सर्वांचे ऐकायचे, ही व्यवस्था एकमेव नव्हे. १९९५ मध्येच त्यांनी दुसरी रचनाही मांडली होती. कणांना एका वर्तुळात बसवायचे आणि प्रत्येकाने फक्त डाव्या-उजव्या शेजाऱ्याचेच ऐकायचे. चांगली बातमी मग एका कणाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. तीस जणांच्या वर्तुळात ती समोरच्या टोकाला पोचायला पंधरा फेऱ्या लागतात. तेवढ्या वेळात पलीकडचे लोक आपापल्या टेकड्या धुंडाळत असतात आणि त्यांतल्या एखाद्याला अधिक उंच जागा सापडू शकते. बातमी उशिरा पोचणे इथे उपकारक ठरते. मात्र प्रश्न सोपा असेल, एकच शिखर असेल, तर हाच उशीर निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

केनेडी आणि पोर्तुगीज संशोधक रुई मेंदेश यांनी २००२ मध्ये शेजाराच्या अनेक रचना तपासल्या. चौकटीच्या कागदासारखी मांडणी, जिच्यात प्रत्येकाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार शेजारी असतात, ती अनेक प्रश्नांवर चांगली ठरली. २००४ मध्ये त्यांनीच आणखी एक पाऊल टाकले. शेजाऱ्यांपैकी सर्वांत यशस्वी असेल त्याचेच का ऐकायचे? सगळ्या शेजाऱ्यांच्या अनुभवांची मिळून ओढ घेऊ. या ‘पूर्ण-माहितगार’ थव्याने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. सगळ्यांचे ऐकायचे असेल, तर शेजारी थोडेच हवेत. शेजारी फार झाले की परस्परविरुद्ध सल्ल्यांच्या सरासरीत कण गोंधळतो.

याला एक सुंदर जोड पक्ष्यांकडूनच मिळाली. रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवरून इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी मैनाकुळातल्या पक्ष्यांच्या थव्यांची एकाच वेळी अनेक कोनांतून छायाचित्रे घेतली आणि प्रत्येक पक्ष्याची अवकाशातली जागा काढली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे पाहत नाही, तर सरासरी सहा-सात जवळच्या शेजाऱ्यांकडे पाहतो, मग ते कितीही दूर असोत. या गटात जॉर्जो पारिसी होते, ज्यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कणथव्याचे शेजारही अंतरावर ठरत नाहीत, यादीतल्या नात्यावर ठरतात. हे साम्य लक्षवेधी आहे. पण पक्षी असे करतात म्हणून संगणकानेही तसेच करावे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरा दोष: एकूण गुण आणि सुटे भाग

प्रिटोरिया विद्यापीठातल्या फ्रान्स व्हॅन डेन बर्ग यांनी त्याहून अवघड जागी बोट ठेवले. समजा एखादा कण थव्याच्या उत्तम जागीच उभा आहे. मग त्याची स्वतःची उत्तम जागा, थव्याची उत्तम जागा आणि तो उभा आहे ती जागा एकच. दोन्ही ओढी शून्य. चालना देणारा फक्त जुना वेग, तोही दर फेरीला घटत जाणारा. तो विझला की बाकीचे कणही तिथेच गोळा होतात. ती जागा सर्वोच्च शिखर सोडाच, एखाद्या छोट्या टेकडीचा माथाही असेलच असे नाही. मधल्या उतारावरही थवा मरून पडू शकतो. व्हॅन डेन बर्ग आणि आंद्रिस एंगेलब्रेख्त यांनी २००२ मध्ये यावर उपाय दिला. आघाडीच्या कणाने आपल्या भोवती लहानशा परिघात यादृच्छिक चाचपणी करत राहायचे. यश मिळत गेले तर परीघ वाढवायचा, अपयश येत गेले तर कमी करायचा. निदान जवळच्या टेकडीचा माथा तरी गाठला जाईल, याची हमी त्यामुळे देता आली.

याच दोघांनी आणखी एक खोड दाखवली. प्रश्नात तीस घटक असतील, तर कणाला गुण मिळतात ते तीसही घटकांच्या एकत्रित कामगिरीचे. दोन घटक सुधारले आणि एक बिघडला, तरी एकूण गुण वाढू शकतात. मग त्या बिघडलेल्या घटकासह ती जागा ‘उत्तम’ म्हणून नोंदली जाते आणि सगळे तिची नक्कल करतात. दोन पावले पुढे, एक मागे. त्यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या घटकांसाठी वेगवेगळे थवे नेमून त्यांच्यात सहकार्य घडवले. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या लिआंग, सुगंथन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दुसरी वाट काढली. कणाने प्रत्येक घटक वेगळ्या गुरूकडून शिकायचा. पहिला घटक एकाच्या अनुभवातून, दुसरा दुसऱ्याच्या, तिसरा स्वतःच्या. सर्वश्रेष्ठ कणाची सरसकट नक्कल बंद झाली. अनेक शिखरांच्या अवघड प्रश्नांवर ही पद्धत प्रभावी ठरली. एकच शिखर असलेल्या साध्या प्रश्नांवर मात्र ती मंद चालते.

इतरही फांद्या फुटल्या. १९९७ मध्ये केनेडी-एबरहार्ट यांनी ‘हो-नाही’ अशा निर्णयांसाठी कणथवा बदलला. त्यात वेग म्हणजे अंतर राहिले नाही, ‘हो’ निघण्याची संभाव्यता झाली. कार्लोस कोएलो यांनी मेक्सिकोत २००२ पासून परस्परविरोधी उद्दिष्टांसाठी, उदाहरणार्थ खर्चही कमी आणि मजबुतीही जास्त, अशा प्रश्नांसाठी थवा तयार केला. तिथे एकच उत्तम जागा नसते, तडजोडींची एक यादी जपावी लागते. केनेडींनी २००३ मध्ये तर वेगच काढून टाकला. स्वतःची आणि थव्याची उत्तम जागा यांच्या मध्यावर घंटाकृती वक्र ठेवायचा आणि त्यातून नवी जागा उचलायची. वेग हा पद्धतीचा प्राण आहे अशी समजूत होती. या सांगाड्याने दाखवले की त्याच्यावाचूनही शोध बऱ्यापैकी चालतो.

परीक्षाच सदोष असेल तर

सुधारणा झाली हे ठरवायचे कसे? रीत अशी की काही ठरावीक गणिती फलने घ्यायची, त्यांवर जुनी आणि नवी पद्धत चालवायची आणि निकालांचे तक्ते छापायचे. इथे एक गोम होती. फार वापरल्या गेलेल्या फलनांपैकी अनेकांचे उत्तर नेमके शून्यावर, म्हणजे शोधक्षेत्राच्या मध्यभागी असते. मग जी पद्धत कोणत्याही कारणाने मध्याकडे कललेली असेल, तिला पैकीच्या पैकी गुण. प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘शून्य’ असेल, तर पोपटही पहिला येईल. या पक्षपातावर २००५ मध्ये थेट बोट ठेवले गेले, आणि त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी पंचवीस फलनांचा नवा संच तयार झाला, ज्यात उत्तरे मध्यापासून सरकवलेली आणि बरीच फलने अक्षांपासून फिरवलेली होती.

फिरवण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. मूळ पद्धत प्रत्येक मितीसाठी वेगळी यादृच्छिक संख्या उचलते. त्यामुळे कणांची हालचाल अक्षांच्या दिशांना नकळत झुकते. तोच डोंगर, तेच शिखर, फक्त नकाशा थोडा फिरवून मांडला की थव्याची कामगिरी बदलते. शिखर शोधणाऱ्याला नकाशाच्या रेघांशी काय देणेघेणे? ‘मानक पीएसओ २०११’ या आवृत्तीत यावर उपाय आला. नवी जागा अक्षांनुसार न उचलता एका गोलातून उचलायची, म्हणजे सगळ्या दिशा समान.

‘मानक’ हा शब्द यायलाही कारण होते. अनेक संशोधक आपल्या नव्या पद्धतीची तुलना १९९५ च्या मूळ, वेग न आवरणाऱ्या आवृत्तीशी करत. तीस वर्षांपूर्वीच्या स्कूटरला मागे टाकले म्हणून नवी गाडी वेगवान ठरत नाही. म्हणून २००७ मध्ये डॅनियल ब्रॅटन आणि केनेडी यांनी आकुंचन गुणक, वर्तुळाकार शेजार आणि पन्नास कण अशी एक आवृत्ती ठरवून दिली. तुलना करायचीच तर निदान हिच्याशी करा, असे त्यांचे म्हणणे. अमुक एक पद्धत कायमची सर्वश्रेष्ठ, असा मात्र त्यांचा दावा नव्हता. तसा दावा करताही येत नाही. डेव्हिड वोल्पर्ट आणि विल्यम मॅक्रेडी यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले होते की कल्पनेतल्या यच्चयावत प्रश्नांवर सरासरी काढली, तर कोणतीही शोधपद्धत दुसऱ्या कोणत्याही पद्धतीहून, अगदी आंधळ्या चाचपणीहूनही, सरस ठरत नाही. प्रत्यक्षातले प्रश्न हे त्या सर्व शक्य प्रश्नांचा एक छोटा, विशिष्ट भाग असतात, म्हणून सुधारणेला जागा उरते. पण मग ‘माझी पद्धत चांगली’ हे वाक्य अर्धवट आहे. ‘कोणत्या प्रकारच्या प्रश्नांवर’ हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

प्राण्यांची जत्रा

कणथव्याच्या यशानंतर या क्षेत्रात प्राण्यांची जत्रा भरली. काजवे, वटवाघळे, करडे लांडगे, देवमासे, दिव्याभोवतीचे पतंग, मुंग्या खाणारे किडे: प्रत्येकाच्या नावाने एक शोधपद्धत. २०१५ मध्ये बेल्जियमचे केनेथ सोरेन्सेन यांनी या प्रकारावर कठोर टीका केली. रूपकाची झूल काढली की आत नवे काय आहे, असा त्यांचा सवाल होता. क्रिस्तियान कामाचो-व्हियालॉन, मार्को डोरिगो आणि थॉमस श्ट्युत्स्ले यांनी २०२३ मध्ये वर सांगितलेल्या सहाही पद्धतींची समीकरणे एकेक करून उलगडली. रूपके बाजूला ठेवल्यावर उरल्या त्या कणथव्यासारख्या जुन्या पद्धतींतून आधीच ठाऊक असलेल्या कल्पना. डोरिगो हे स्वतः मुंग्यांच्या वाटांवरून सुचलेल्या पद्धतीचे जनक, म्हणजे निसर्गाकडून शिकण्याला त्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. त्यांची हरकत आहे ती शब्द बदलून जुने ज्ञान नवे म्हणून विकण्याला.

रूपक नेहमीच फसवे असते असे मात्र नाही. सुरतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतले आर. वेंकट राव यांनी २०११ मध्ये वर्गातल्या अध्ययन-अध्यापनावरून आणि २०१६ मध्ये ‘जय’ या संस्कृत शब्दाच्या नावाने दोन पद्धती मांडल्या. ‘जय’ पद्धतीत उत्तमाकडे सरकायचे आणि निकृष्टापासून दूर जायचे, एवढेच सांगितले आहे. जडत्वभारासारखे आकडे वापरणाऱ्याला ठरवावे लागत नाहीत. ही कल्पना नावावाचूनही एका वाक्यात सांगता येते, तपासता येते, आणि कुठे कमी पडते तेही पाहता येते.

हा सगळा वाद विद्वानांचा घरगुती नाही. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘सुधारित’ अल्गोरिदम हा नेहमीचा विषय आहे. एका पद्धतीचा अर्धा भाग दुसरीच्या अर्ध्या भागाला जोडायचा, दहा फलनांवर चालवायचा, तक्त्यात ठळक आकडे छापायचे, हे तंत्र पटकन जमते. विद्यार्थ्याची दोन उमेदीची वर्षे त्यात जातात. जोडलेल्या भागांपैकी नेमका कोणता उपयोगी पडला, हे मात्र त्याला विचारले जात नाही. केनेडी-एबरहार्ट यांनी पहिल्याच निबंधात जे केले, म्हणजे एकेक नियम काढून काय बिघडते ते पाहणे, तेवढे केले तरी त्या दोन वर्षांचे चीज होईल. निकाल ‘माझ्या भरीने काहीच फरक पडत नाही’ असा निघाला, तरी ते ज्ञानच आहे.

याच विचाराची पुढची पायरी २०२२ मध्ये आली. कामाचो-व्हियालॉन, डोरिगो आणि श्ट्युत्स्ले यांनी कणथव्याच्या अडीच दशकांतल्या सुधारणा सुट्या भागांप्रमाणे मांडून ठेवल्या: शेजाराचे इतके प्रकार, जडत्वभाराचे इतके, यादृच्छिकतेचे इतके. मग दिलेल्या प्रश्नसंचासाठी कोणते भाग एकत्र जोडावेत, हे ठरवायचे काम त्यांनी संगणकावर सोपवले. ‘पीएसओ-एक्स’ असे या चौकटीचे नाव. अशी जुळणी अनेकदा माणसांनी नाव देऊन मांडलेल्या आवृत्त्यांपेक्षा चांगली ठरली. नवी आवृत्ती काढण्याची जागा इथे जुन्या आवृत्त्यांचा हिशेब मांडण्याने घेतली आहे.

केनेडींच्या मूळ प्रश्नाचे काय झाले? एबरहार्ट आणि शी यांच्या साथीने २००१ मध्ये काढलेल्या ‘स्वॉर्म इंटेलिजन्स’ या ग्रंथात त्यांनी माणसाचे मन हेच मुळात सामाजिक आहे, अशी बाजू मांडली. कणांच्या हिशेबावरून माणसांविषयी निष्कर्ष काढताना सावध राहायला हवे. कणांना अभिमान नसतो, भीती नसते, आणि ते आपली उंची कधी खोटी सांगत नाहीत. तरी एक गोष्ट या तीस वर्षांच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. स्वतःच्या आठवणीची ओढ काढून टाकली, तर थवा पहिल्या बऱ्या टेकडीवर गर्दी करतो. थव्याची ओढ काढली, तर तीस गिर्यारोहक तीस ठिकाणी एकटे भटकतात. या दोन ओढींत किती प्रमाण ठेवायचे, याला एकच उत्तर नाही. ते डोंगराच्या घडणीवर अवलंबून असते, आणि ती घडण धुक्यात शिरेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते.